चांदीच्या कागदातली मरळ

१ जून, रविवार

डॉक्टरचं म्हणणं, रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा. बरं. सगळी नोकरी एसटीचं स्टेअरिंग धरण्यात आणि लॉगशीट भरण्यात गेली, आता पोटाची लॉगशीट भरतो.

सकाळी: दोन भाकरी, बिनतेलाची मेथी. दुपारी: तेच, गार. संध्याकाळी: राग.

दीक्षा नांदेडहून आली होती. बीपीचं मशीन घेऊन आली आणि जाताना माझा तेलाचा डबा उचलून घेऊन गेली. पोटच्या पोरीनं! मी म्हणलं, "आता रविवारचा मासा कशात तळू, तुझ्या बीपीच्या मशीनमधी?" तर पिशवीतून चांदीच्या कागदाची गुंडाळी काढली. म्हणे, "पप्पा, डॉक्टरनी मासा सोडा म्हणलं न्हाई. तळलेला सोडा म्हणलं. ह्या कागदात गुंडाळायचा, कोळशावर ठेवायचा. आपल्याच वाफेत शिजतो."

मोबाईलवर एक गोरा माणूस दाखवला. पांढराशुभ्र मासा, वर लिंबाच्या चकत्या, कागदाची घडी घातली की झालं. फोडणी न्हाई, रस्सा न्हाई. मी म्हणलं, "मासा हाय का सलाईन लावलेला पेशंट?" दीक्षा हसली. हसताना अगदी तिच्या आईसारखी, पद्मासारखी दिसते. पद्माला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी घरात कोणी असं हसलं की मी वळून बघतो.

८ जून, रविवार

प्रयोग फसला.

बाजारात जळबाकडून राहू आणला. जळबा ईसापूर धरणावरचा मासा आणतो, बोलतो लई पण माल ताजा देतो. घरी आलो, अंगणात शेगडी पेटवली. आता बिनमसाल्याचा मासा माझ्या हातानं होणार होता का? काळा मसाला घातला, शेंगदाण्याचा कूट घातला, वर अजून कूट घातला. पुडकं बांधून कोळशावर ठेवलं. पण आत काय चाललंय ते दिसेना. गाडी गरम झाली तर बॉनेट उघडून बघतो माणूस, तसं मी दर मिनिटाला पुडकं उघडून बघितलं. वाफ सगळी निघून गेली. मासा वरून कच्चा, आणि कूट खालून असा करपला की गल्लीभर धूर.

भिंतीपलीकडून आवाज आला, "दीक्षाचे पप्पा, टायर जाळताय का?"

शिलाबाई. शेजारी भाड्यानं राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. भावंडांची शिक्षणं, लग्नं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलं. सप्टेंबरच्या शेवटी रिटायर होतात. त्यानंतर त्यांचा भाचा प्रज्ञेश त्यांना पुण्याला घेऊन जाणार आहे, कायमचं. चांगलं आहे. उतारवयात माणसानं आपल्या माणसात राहावं.

खाल्लं: दही-भाकर.

१५ जून, रविवार

आज जमलं! मरळ आणली. जळबा म्हणला, "राहू रश्श्यात घाला, पुडक्यात मरळच लागती, काटा कमी." साल काढून घेतली. काळा मसाला डब्यातच ठेवला, काळजावर दगड ठेवून. कांद्याच्या चकत्या खाली, त्यावर मासा, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, लिंबू. कडा दुमडून घट्ट केल्या. कोळशावर राख धरली तेव्हा ठेवलं आणि हात मागं बांधून उभा राहिलो. पुडकं हळूहळू फुगलं. फुगलं की झालं.

उघडलं तर मासा असा पांढरा आणि मऊ, की बोट लावलं तरी पाकळी सुटावी. खाताना डोळे मिटले गेले माझे. तेलाचा थेंब नाही!

एवढं चांगलं झालं तर शेजारी द्यायला पाहिजे. दुसरं पुडकं घेऊन गेलो. बाई दारातच म्हणाल्या, "वास तर असा सुटलाय की काय सांगू. पण मी मासा खात नाही हो. सेनगावला नोकरीला होते तेव्हा घशात काटा अडकला. हिंगोलीला नेलं मला, डॉक्टरनी काढला. तेव्हापासून हिंमत होत नाही." मी म्हणलं, "मरळीला काटा कमी असतो." त्या म्हणाल्या, "कमी म्हणजे असतोच ना?"

परत आलो. जसा काही मी काटे वाटायला गेलो होतो! दुसरं पुडकंही मीच खाल्लं. तेवढं चांगलं लागलं नाही.

१९ जून

वारंगा फाट्यावर काम होतं. येताना एक बारीक चिमटा घेतला. असाच. घरात चिमटा असावा.

२९ जून, रविवार

मासा पाटावर घ्यायचा. मधला मोठा काटा सुरीनं सोडवायचा. मग बोट शेपटीकडून डोक्याकडं हळूच फिरवायचं. काटा असेल तिथं बोटाला टोचतं. तिथं चिमटा लावायचा आणि ज्या अंगानं काटा गेलाय त्याच अंगानं ओढायचा, नाहीतर मासा फाटतो. पहिला मासा चिंध्या झाला. दुसरा बरा. आज तिसरा केला, बशीत काटे आणि पाटावर मासा, अख्खाच्या अख्खा. चष्मा लावूनही नाक माशाला टेकलं होतं माझं.

दीक्षाचा फोन आला तेव्हा हेच चाललं होतं. म्हणाली, "पप्पा, तुमी तर काट्यासकट चावून खाता. स्वतःसाठी एवढे काटे कोण काढतं?"

मी म्हणलं, "वय झालं. सवय लावून राहिलो."

"व्हय का," म्हणाली, आणि हसतच फोन ठेवला. पोरीचं कधीकधी कळत नाही.

१० जुलै, गुरुवार

आजची गोष्ट लिहू का नको. लिहितो. पेशंटनं डॉक्टरपासून काही लपवू नये.

सकाळीच जळबाकडून मरळ आणली. रविवारची वाटच बघितली नाही. दुपार काटे काढण्यात गेली. बोट चारदा फिरवलं, एक काटा नाही. दोन पुडकी फुगवली, ताटात ठेवली, वर रुमाल टाकला, धुतलेला शर्ट घातला आणि बाईंच्या दारात उभा राहिलो. म्हणलं, "बाई, आज खावाच लागंल. काटा निघाला तर नाव बदलतो."

बाई बाहेर आल्या त्या पांढरी साडी नेसून, हातात मेणबत्त्या आणि फुलं. माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. म्हणाल्या, "दीक्षाचे पप्पा, आज आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू झाला. तीन महिने मी मासमच्छी खात नाही."

धरणी फाटावी असं झालं. बौद्धाच्या घरात जन्मलो, आई दर पौर्णिमेला आम्हाला विहारात नेऊन बसवायची, आणि मी पौर्णिमेच्या दिवशी बाईच्या दारात मासा घेऊन उभा! घरात कॅलेंडर टांगलंय, ते काय भिंतीची शोभा म्हणून?

बाई रागावल्या नाहीत. रुमाल उचलून वास घेतला, फक्त वास. म्हणाल्या, "सगळे काढले?" मी मान हलवली. मग त्यांनी रुमाल परत नीट ताटावर पसरला. म्हणाल्या, "विहारात येता का? आजपासून ग्रंथवाचन आहे. मी वाचणार आहे."

गेलो. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

२२ जुलै

रोज संध्याकाळी विहारात जातो. तिथला पंखा चांगला आहे.

बाई वाचतात तेव्हा मधेच थांबतात आणि समोर बघतात, वर्गात पोरांकडं बघावं तसं. कोणी डुलकत असलं की त्याच्यावर नजर. काल माझ्यावर होती. पण मी डुलकत नव्हतो, ऐकत होतो.

आज जळबा रस्त्यात भेटला. "काय वो ड्रायव्हरसाहेब, दिसंना झाले. मरळ काहून नेईना? तुमी बी वर्षावास धरला की काय?" मी म्हणलं, "एकट्याला मरळ मोठी होती." हे खरंच आहे. आधी कशी होत नव्हती ते माहीत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

बाईंना दोन दिवस ताप. परवा शाळेतून रिक्षानं आल्या. मी विचार केला, मासा चालत नाही तर नाही, कागद तर चालतो. दोडका, लाल भोपळा, कोवळी भेंडी, पनीर, त्यावर लिंबू आणि मिरपूड. शेगडी ओसरीवर घेतली, बाहेर पाऊस. पुडकं नेलं.

बाईंनी ते उघडलं तशी वाफ थेट त्यांच्या चष्म्यावर. काहीच दिसेना. तशाच चाचपडत, हसत म्हणाल्या, "मीठ कुठाय, दीक्षाचे पप्पा, मीठ कुठाय?" तापात माणूस हसतो का? पण हसल्या. चष्म्यावर वाफ आली की बाई लहान दिसतात, शाळेतल्या पोरीसारख्या.

(हे डॉक्टरच्या कामाचं नाही. खोडायला पाहिजे.)

७ सप्टेंबर, रविवार

बीपी चांगलं आहे. डॉक्टर म्हणाले, काय केलं? म्हणलं, कागद. म्हणाले, चालू ठेवा.

बाईंनी घर आवरायला घेतलंय. पुस्तकांची खोकी बांधताना सुतळी ओढायला मला बोलावलं. मी गाठी अशा मारल्या की पुण्यात कोणाला सुटायच्या नाहीत. बाई म्हणाल्या, "एवढ्या घट्ट कशाला?" मी म्हणलं, रस्ता खराब आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

बाईंचा निरोपसमारंभ. शाल, नारळ, भाषणं. एक पोरगी बाईंच्या पदराला धरून अशी रडली की हेडमास्तरचं भाषण कोणाला ऐकूच गेलं नाही. बाई रडल्या नाहीत. मी मागच्या बाकावर होतो. डोळ्यात काहीतरी गेलं, मैदानावर धूळ असते.

प्रज्ञेशचा फोन आला होता म्हणे. पौर्णिमा झाली की येतो, टेम्पो ठरवलाय. म्हणजे आठवडाभर.

रात्री जेवलो नाही. भूक नव्हती एवढंच, डॉक्टरसाहेब.

५ ऑक्टोबर, रविवार

दीक्षा आली आणि भांडण झालं.

मी आपला भाकरी करून राहिलो होतो. ती म्हणाली, "पप्पा, बाई चालल्या." म्हणलं, "माहीत हाय." म्हणाली, "मग?" म्हणलं, "मग काय? टेम्पोत खोकी चढवायला मदत करीन." तिनं माझ्या हातातली भाकर काढून ठेवली आणि तोंडावर म्हणाली, "पप्पा, तुमाला शिलाबाई आवडतात."

मी असा ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकलं. काय बोलून राहिली, बापाशी बोलून राहिली, लोक काय म्हणतील, माझं वय काय, तुझी मम्मी काय म्हणली असती! दीक्षानं तवा उतरवून ठेवला. म्हणाली, "मम्मी असती तर तिनं माझ्या आधी ओळखलं असतं. आणि लोकांचं काय घेऊन बसले? लोक तुमच्यासाठी भाकरी थापायला येणार हायेत?"

दार आपटून बाहेर गेलो. विहारापर्यंत जाऊन परत आलो. काय चूक बोलली ती? एकही शब्द चूक बोलली नाही. पद्माच्या फोटोपुढं उभा राहिलो. तिच्याशी मी कधी खोटं बोललो नाही, बोललो तरी तिला कळायचं. म्हणलं, "व्हय गं. आवडतात."

आता लिहिलं तर लिहिलं. पान फाडणार नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल पौर्णिमा झाली, वर्षावास संपला. आज बाईंचं शेवटचं जेवण आमच्याकडं. प्रज्ञेश पुण्याहून आलाय. पोरगं चांगलं आहे, आत्या आत्या करत मागंपुढं असतं. दीक्षाही थांबली.

सकाळपासून मासा आणि मी. चार पुडकी केली. एका पुडक्याच्या कडेला दोन दुमडी घातल्या, ते बाईंचं.

सगळे ओसरीवर बसलो. बाईंनी पुडकं उघडलं. पहिला घास बोटांनी चाचपून, चुरून, मग तोंडात. दुसराही तसाच. तिसऱ्याला बोटं थांबली आणि घास सरळ तोंडात गेला. एवढी वर्षं घशात भीती घेऊन बसलेली बाई, माझ्या ओसरीवर न बघता मासा खात होती. मी जेवायचं विसरून बघत बसलो. आजवर कोणी माझ्या गाडीत डोळे मिटून झोपलं तर मला बरं वाटायचं. आज त्याच्यापेक्षा बरं वाटलं.

तेवढ्यात प्रज्ञेश खोकला. म्हणाला, "काका, काटे आहेत हो याच्यात." दीक्षाही बोटानं काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत होती. मी म्हणलं, "मासा हाय, काटे असणारच. बघून खावा की." बाईंनी माझ्याकडं बघितलं, प्रज्ञेशच्या ताटाकडं बघितलं, परत स्वतःच्या ताटाकडं. कानापर्यंत लाल झाल्या. का ते कळलं नाही. अरे, सगळ्यांचे काढायला वेळ कुठं होता?

जेवण झाल्यावर दीक्षा एकदम म्हणाली, "प्रज्ञेशदादा, चला, तुमाला टेम्पोवाल्याचं घर दाखवते." टेम्पोवाल्याचा नंबर प्रज्ञेशकडं होता. तरी गेले दोघं.

बाई आणि मी. कोळसे विझत आलेले. मी म्हणलं, "बाई, जाऊ नका."

"काहून?" त्या कधी असं बोलत नाहीत, नेहमी पुस्तकी बोलतात.

"एकट्याला मरळ मोठी होती."

"एवढ्यासाठी?"

"न्हाई." मी शेगडीतली राख उकरली. "तुमी गेल्यावर मला करमणार न्हाई. संध्याकाळी विहारात पंख्यासाठी जात नव्हतो मी."

बाई हात धुवायचं विसरून तशाच बसल्या. म्हणाल्या, "उद्या सकाळी टेम्पो आहे. घरमालकाला किल्ली दिली. आणि हे तुम्ही आज सांगून राहिले?"

"घराचं काय घेऊन बसले? माझ्या घरात जागा हाय."

"म्हणजे भाडेकरू ठेवणार का मला?"

"न्हाई. बायको."

असंच निघालं तोंडातून, ब्रेक लागायच्या आत. बाईंनी पुडक्याचा कागद घडी करून ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "त्या पोरानं माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय, दीक्षाचे पप्पा. मी त्याला आज नाही म्हणू शकत नाही. मला जावं लागेल." आणि उठल्या.

बराबर आहे त्यांचं. मी उशीर केला.

९ ऑक्टोबर

गेल्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

भाकर, वरण. बाजारात गेलो नाही.

शेजारी कुलूप.

१९ ऑक्टोबर, रविवार

बाईंचा फोन! हातातलं पातेलं पडलं.

म्हणाल्या, "इथं सगळे चांगले आहेत. प्रज्ञेशची बायको पाण्याचा ग्लासही उचलू देत नाही." मी म्हणलं, "चांगलं हाय." म्हणाल्या, "चांगलं काय त्यात? दिवसभर बाल्कनीत बसून दुसऱ्याची बाल्कनी बघते." पलीकडं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

मग म्हणाल्या, "मी प्रज्ञेशला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुम्ही मला जे बोलले ते."

खुर्चीत बसलो. म्हणलं, "रागावला का?"

"तो म्हणाला, आत्या, मला त्या दिवशी जेवतानाच कळलं होतं. आम्हा सगळ्यांच्या ताटात काटे, तुझ्या एकटीच्या ताटात नाहीत. म्हणाला, मी वाट बघत होतो तू कधी सांगतेस त्याची. खोली राहू दे, म्हणाला, तुम्ही दोघं दिवाळीला येत जा."

म्हणजे पुण्याच्या पोराला कळलं, दीक्षाला जूनपासून माहीत, बहुतेक जळबालाही ठाऊक. फक्त मी तेवढा गाढव राहिलो!

म्हणलं, "बाई, मग तुमचं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं फोनवर सांगण्यासारखं नाही," म्हणाल्या, आणि ठेवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीला दीक्षा होती. घराला चुना लावला. मागच्या खोलीला पुस्तकांसाठी फळ्या ठोकल्या. दीक्षा म्हणाली, "पप्पा, अजून बाई व्हय म्हणल्या न्हाईत." म्हणलं, "फळ्या कुठं वाया जातात?" पण झोप लागत नाही. फोनकडं बघतो. बीपी वाढलंय, त्याला कागद काही करू शकत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी मेसेज आला. "उद्या सकाळी ट्रॅव्हल्सनं वारंगा फाट्याला उतरते." बस एवढंच. पुढं काही नाही. भेटायला का राहायला? सामान न्यायचं राहिलं असेल? दीक्षाला वाचून दाखवला तर ती फोनवर किंचाळली. मी म्हणलं, किंचाळू नको, अजून काही नक्की न्हाई.

२ नोव्हेंबर, रविवार

उजाडायच्या आत फाट्यावर जाऊन उभा राहिलो. चहाची दुकानं उघडत होती. नांदेडकडून गाडी दिसली की पुढं व्हायचं, ती न थांबता निघून गेली की मागं यायचं. सगळी नोकरी ह्या फाट्यावरून गाडी नेली. रस्त्याच्या कडेला उभी माणसं गाडीकडं अशी का बघतात, ते आज कळलं.

ऊन वर आलं तेव्हा ट्रॅव्हल्स थांबली. आधी एक पेटी उतरली. मग पुस्तकांचं एक खोकं, माझ्याच गाठीचं. मग दुसरं. क्लीनर आपला उतरवतोय आणि मी मोजतोय. एवढं सामान कोणी भेटायला आणतं का?

मग बाई दारात आल्या. पायरी उंच होती. खाली बघितलं, मला बघितलं. म्हणाल्या, "कधीपासून उभे आहात?"

"आत्ताच आलो," मी म्हणलं.

"खोटं बोलून राहिले," म्हणाल्या. "नाक लाल झालंय थंडीनं."

मी हात पुढं केला. चहावाले, रिक्षावाले, फाट्यावरचे सगळे ओळखीचे, सगळे बघत होते. बघू दे. बाईंनी हात धरला, उतरल्या, आणि दोन्ही पाय जमिनीला लागले तरी सोडला नाही. क्लीनर म्हणला, "काका, खोकी उचला ना, गाडी निघायचीय." मी म्हणलं, "थांब जरा, हात मोकळा न्हाई."